भुताच्या नोटेबाबत खिडकीवाल्या बाईचे म्हणणे

मी, मनोरंजन बागेत 'खिडकीवाल्या बाई' म्हणून सर्वांच्या ओळखीची (पूर्ण नाव वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे), वय ४६ वर्षे, धंदा नोकरी, राहणार बागेच्या मागच्या फाटकासमोरील कामगार वसाहत, दुसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते तो असा. मला कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. उलट माझा जबाब कधी घेता, असे मीच हवालदारांना दोनदा विचारले.

वरील पत्त्यावर मी, माझे यजमान आणि माझी थोरली नणंद असे तिघे राहतो. यजमान शहर बसवर चालक आहेत. मुलगी लग्न होऊन परगावी असते. नणंदेचे लग्न झालेले नाही. यजमान लहान असतानाच आईवडील गेले, तेव्हा नणंदेनेच त्यांना वाढवले. मला बागेतली नोकरी लागली तीही तिने शब्द टाकला म्हणून. मी तिला वन्सं म्हणते आणि पुढेही तसेच म्हणणार आहे. तुमचे दोघींचे आपसात कसे आहे, असे हवालदारांनी विचारले. आमचे पटत नाही. नळ घट्ट बंद करण्यावरून, पडदा ओढण्यावरून, चपला कुठे काढायच्या यावरून आमची रोज वाजते. माझ्या हातचा चहा त्यांना आजतागायत आवडलेला नाही आणि तसे त्या रोज सांगतात. त्यामुळे मी नणंदेच्या सांगण्यावरून हे केले, असे कंपनीच्या तक्रारीत लिहिले आहे ते साफ खोटे आहे. वन्संच्या सांगण्यावरून मी साधी खिडकी उघडत नाही.

आता नोटांबद्दल. बागेत आत शिरल्यावर खरे पैसे चालत नाहीत. फाटकातून आत आले की डाव्या हाताला माझी खिडकी आहे. लोक खरे पैसे देतात, मी बागेच्या नोटा देते. मग पाळणा असो, आइस्क्रीम असो की चहा, सगळीकडे तीच नोट. उरलेल्या नोटा जाताना परत करता येतात, पण एखादी तरी नोट खिशात घालून घरी नेली नाही असा माणूस विरळा. काही लोक तर केवळ नोटा जमवायला येतात. त्यांच्याजवळ जाड अल्बम असतात आणि घडी पडलेली नोट दिली तर ते माझ्याकडे असे बघतात, की जणू मी त्यांच्या पायावर पाय दिला.

या नोटांवर राजा, परी, अस्वल असले काही नसते. बाग सुरू झाली तेव्हा थोरल्या मालकांनी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला नोटेवर राजाचे तोंड काढायला सांगितले होते. पेंटर म्हणाला, राजा मी कधी पाहिला नाही, समोर माळी दिसतोय, त्याला काढतो. थोरल्या मालकांना ते भारी आवडले. तेव्हापासून दरवर्षी एक कामगार नोटेवर जातो. कोणाला पाठवायचे हे आम्ही कामगार चहाच्या टपरीवर हात वर करून ठरवतो. मालकांनी त्यात कधी तोंड घातले नाही. नोटेवर नाव छापत नाहीत, चित्राखाली काम छापतात. माळी, पाळणेवाला, झाडूवाली, तिकीट फाडणारा, असे. बागेच्या वाढदिवशी ज्याची नोट तो स्वतः पहिली नोट मोडतो आणि सगळ्यांना चहा पाजतो. त्यानंतर ती नोट चालू झाली असे आम्ही धरतो. 'आमच्या घरात नोट आहे' असे वसाहतीत लोक सांगतात, ते याच अर्थाने. आमच्या घरात नोट नव्हती.

माझी नणंद वन्सं या भूतबंगल्यात भूत आहेत. हवालदारांनी हे वाक्य पुन्हा विचारले, म्हणून खुलासा करते. भूतबंगल्यात रुळांवरून दोन-दोन माणसांच्या गाड्या फिरतात. सांगाडे, दारे, किंकाळ्या हे सगळे यंत्राचे आहे. शेवटच्या वळणावर मात्र पूर्ण काळोख असतो आणि तिथे भिंतीत जेमतेम उभे राहता येईल असा कोनाडा आहे. वन्सं तिथे उभ्या असतात. हातात रबरी मोजा, त्यात ओला स्पंज. गाडी वळली की मानेवर हात ठेवायचा आणि लगेच काढून घ्यायचा. एकदाच. दोनदा ठेवला तर माणसाला कळते की माणूस आहे, असे त्या म्हणतात. गाडीत लहान मूल असेल तर त्या हात लावत नाहीत. बावीस वर्षे त्या हे करत आहेत आणि बागेत आलेल्या एकाही माणसाने त्यांचे तोंड पाहिलेले नाही. बाहेर पडलेले लोक माझ्या खिडकीवर नोटा परत करताना म्हणतात, 'शेवटचं मशीन मात्र झकास बसवलंय हां.' सुरुवातीला मी सांगायची की अहो, ते मशीन नाही, माझी नणंद आहे. वन्संच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी मला झापले. 'सगळ्यांना सांगत सुटलीस तर मग घाबरणार कोण?' त्यानंतर मी मूग गिळून मशीनची स्तुती ऐकत आले.

या वर्षीच्या नोटेसाठी टपरीवर वन्संचे नाव निघाले तेव्हा एकही हात खाली राहिला नाही. वन्सं तिथे नव्हत्या, गाड्या चालू होत्या. मी जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, 'माझं तोंड कोण ओळखतंय? त्यापेक्षा मोज्याचं चित्र काढा म्हणावं.' पेंटर आता बराच म्हातारा झाला आहे. तो म्हणाला, 'मोजा बाजूला ठेवा आणि उजेडात बसा.' चित्राला बसायच्या दिवशी सकाळी वन्संनी मला विचारले, 'अगं, निळा स्वेटर घालू का करडा?' मी लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी मला विचारून केलेली ही पहिलीच गोष्ट. मी निळा म्हटले. त्या करडा घालून गेल्या. निळ्याचे बटण तुटले होते हे मला मागाहून कळले.

चित्र हुबेहूब उतरले आहे. भुवईवरचा व्रणसुद्धा पेंटरने सोडलेला नाही. चित्रात वन्सं हसत नाहीत, कारण त्या हसत नाहीतच. पण समोरचा आता दचकणार हे त्यांना आधीच ठाऊक आहे, असे त्यांचे डोळे आहेत. खाली काय छापायचे यावर थोडी चर्चा झाली. कोणी 'भूतबंगला सेविका' सुचवले. वन्सं म्हणाल्या, भूतच लिहा, तेच तर केले आयुष्यभर. म्हणून नोटेवर 'भूत' असे छापले आहे. त्यात कोणाची चेष्टा नाही. तक्रारीत 'आक्षेपार्ह मजकूर' असे म्हटले आहे, त्याला हे उत्तर समजावे.

मधल्या काळात थोरल्या मालकांच्या वारसांनी बाग एका कंपनीला विकली. कंपनीने मनगटावर बांधायचा पट्टा आणला. त्यात पैसे भरायचे आणि प्रत्येक ठिकाणी तो यंत्रासमोर धरायचा. माझा पट्ट्याला विरोध नाही हे स्पष्ट लिहावे. आइस्क्रीमने चिकट झालेल्या नोटा सुट्या करण्यात कोणाला हौस नसते. मला दुसऱ्या कामावर घेऊ असेही कंपनीने सांगितले होते आणि मी बरे म्हटले होते. नोटा बंद झाल्या म्हणून मी काही ऊर बडवत बसले नव्हते. पण कंपनीच्या परिपत्रकात शेवटी एक ओळ होती की, नोटांचा उरलेला सर्व साठा यंत्रात घालून त्याचे तुकडे करण्यात येतील. वन्संच्या नोटांची खोकी छापखान्यातून येऊन माझ्या खिडकीमागच्या खोलीत ठेवलेली होती. नोटा बंद होण्याची तारीख आधी आणि बागेचा वाढदिवस नंतर, असा मेळ बसला. म्हणजे चालू होण्याआधीच वन्संची नोट बंद झाली.

मी मॅनेजरसाहेबांना भेटले. ते माझ्या मुलीच्या वयाचे आहेत आणि बोलायला गोड आहेत. मी म्हटले, बाकीचे काय करायचे ते करा, ही नोट निदान एक दिवस तरी चालू द्या. ते म्हणाले, 'बाई, भावना समजतात. पण कागदोपत्री तो साठा आहे.' मी म्हटले, साठा नाही साहेब, ती माझी नणंद आहे. त्यांनी मला पाणी दिले. मग म्हणाले की आठवण म्हणून एक नोट काचेच्या चौकटीत घालून वन्संना देऊ, एक छोटासा कार्यक्रमही करू, फक्त ती वापरली जाऊ नये म्हणून नियमाप्रमाणे तिला भोक पाडावे लागेल. मी विचारले, भोक कुठे पाडणार? म्हणाले, मधोमध. मी टेबलावरचीच एक जुनी नोट उचलली आणि मधोमध काय असते ते त्यांना दाखवले. मी निघताना मात्र नव्या खोक्यांना हात लावू नका असे त्यांनी मला तोंडी बजावले. हे मी नाकारत नाही.

घरी येऊन वन्संना सांगितले. त्या भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, 'राहू दे गं. एवढी वर्षं काळोखात काढली, आता उजेडात माझं काय अडलंय?' एवढेच. दुसऱ्या दिवशी मला टपरीवाल्याकडून कळले की वाढदिवशी सगळ्यांना पुरेल इतके दूध आणून ठेव, असे वन्संनी त्याला कधीच सांगून ठेवले होते आणि त्या दिवशी सकाळी येऊन 'नको आणूस' असेही त्याच सांगून गेल्या. मला यातले अक्षरही माहीत नव्हते. त्या संध्याकाळी मी चहा केला आणि वन्संनी तो नावे न ठेवता मुकाट्याने पिऊन कप विसळून ठेवला. मला रडू आले. हवालदार म्हणाले, हे जबाबात घेण्याची गरज नाही. मी म्हटले, घ्या, कारण मी जे केले ते तेव्हाच ठरवले. रागाच्या भरात केले नाही, गर्दीत गोंधळून केले नाही आणि कोणी भरीला घातले म्हणूनही केले नाही.

नोटा चालण्याचा आज शेवटचा दिवस होता. सकाळपासून फाटकाबाहेर रांग लागली होती. माझ्या खिडकीवर कंपनीनेच कागद चिकटवला होता की, साठा असेपर्यंत नोटा मिळतील. दुपारच्या सुमारास जुन्या नोटा संपल्या. रांग होती तशीच होती. मी आत जाऊन वन्संच्या नोटांचे एक खोके उघडले, पहिला गठ्ठा आणला आणि खिडकीत आलेल्या पुढच्या माणसाला त्यातल्या नोटा दिल्या. कंपनीच्या भाषेत तो साठाच होता आणि साठा असेपर्यंत द्या असे कंपनीनेच लिहिले होते. पण मी त्या कागदाआड लपत नाही. तो कागद नसता तरी मी दिल्या असत्या. प्रत्येक नोटेचे खरे पैसे घेतले आणि ते गल्ल्यात टाकले. गल्ल्यात काही कमी असल्याचे तक्रारीतही म्हटलेले नाही.

पहिली नोट वन्संनी मोडायची ही रीत मला ठाऊक होती. म्हणून नोटा देण्याआधी मी भूतबंगल्यात फोन लावला होता. गाड्या सोडणारा म्हणाला, 'त्या येत नाहीत म्हणतात. गर्दी आहे, जागा सोडता येणार नाही.' हट्टीपणा आमच्या घरात सगळ्यांना सारखा वाटून आला आहे. तेव्हा पहिली नोट एका अनोळखी गृहस्थांनी टपरीवर मोडली. टपरीवाल्याने नोट हातात घेतली, चित्र पाहिले आणि त्या गृहस्थांना चहा देऊन ओरडला की, चालू झाली. टपरीपासून पाळण्यापर्यंत लोकांनी टाळ्या वाजवल्याचे मला खिडकीतून ऐकू आले. ते गृहस्थ बिचारे भांबावून उभे राहिले, आपण काय केले ते त्यांना कळेना.

नोट घेणारा जो तो विचारायचा की या बाई कोण. मी सांगायची, भूतबंगल्यातले भूत, शेवटच्या वळणावर उभी असते, ते मशीन नाही. वन्संनी मना केल्यापासून जे सांगितले नव्हते ते मी आज सगळ्यांना सांगितले. लोक नोट हातात घेऊन थेट भूतबंगल्याकडे जाऊ लागले. पुढचे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. गाड्या सोडणाऱ्याने आणि स्वतः वन्संनी सांगितले ते लिहून देते. वळणावर लोक घाबरेनासे झाले. काळोखात मोबाइलचा दिवा लावून, हातातली नोट वर धरून कोनाडा शोधू लागले. एका गाडीतल्या बाईच्या मानेवर वन्संनी हात ठेवला, तर ती ओरडली नाही. तिने वळून दिवा वर केला आणि विचारले, 'अहो, त्या तुम्हीच ना?' भुताने बोलायचे नसते हा भूतबंगल्याचा पहिला नियम आहे आणि तो वन्संनीच घालून दिलेला आहे. वन्संच्या तोंडून 'हो' निघून गेले. गाडी पुढे गेली. मागून आलेल्या गाडीला हात लावायचे त्या विसरल्या, आणि त्या गाडीतल्या लोकांनी बाहेर येऊन मशीन बंद पडल्याची तक्रार केली. मॅनेजरसाहेबांपर्यंत बातमी गेली ती अशी.

साहेब दोन रखवालदारांना घेऊन खिडकीवर आले. तोपर्यंत मी आतून कडी घातली होती. साहेब खिडकीच्या भोकातून म्हणाले, 'बाई, बाहेर या.' मी म्हटले, नोटा हव्या असतील तर रांगेत या. रांगेतले लोक हसले, त्याचा साहेबांना राग आला असावा. त्यांनी रांग मोडली आणि खिडकीचे दार बाहेरून ओढून घेतले. उरलेली खोकी बाहेर द्या, असे रखवालदार दारावर थापा मारून सांगत होते. मी खोकी एकावर एक रचून त्यांवर बसले. खोकी साहेबांच्या हाती दिली तर ती थेट यंत्रात जाणार हे मला ठाऊक होते. मी ओरडून सांगितले की दार फक्त पोलिसांना उघडीन. त्यांना वाटले मी घाबरवते आहे. बऱ्याच वेळाने त्यांनी खरेच पोलीस बोलावले. हवालदार आले आणि त्यांनी आपण पोलीस असल्याचे सांगताच मी दार उघडले. मी त्यांच्या कामात अडथळा आणलेला नाही. खोकी गाडीत चढवायला हातच लावला.

ठाण्यात मला बाकावर बसवले. समोर मागच्या अंगणाचे दार उघडे होते. तिथे एक सायकल भिंतीला टेकवून ठेवली आहे आणि तिच्यावर वेल चढून हँडल दिसेनासे झाले आहे. ही कोणाची, असे मी सहज विचारले. हवालदार म्हणाले, मुद्देमाल आहे, फार जुन्या चोरीतला, खटला चालूच आहे. मी विचारले, मग भंगारात का नाही देत? ते म्हणाले, 'बाई, कोर्टाचा हुकूम आल्याशिवाय मुद्देमालाला कोणी बोट लावू शकत नाही. आम्हीही नाही आणि ज्याची सायकल तोही नाही.' मी विचारले, आणि माझी खोकी? म्हणाले, ती पण मुद्देमालच. हे ऐकल्यावर मी हवालदारांकडे चहा मागितला आणि त्यांनी तो दिला. खोकी पोलिसांच्या हाती गेली तर निदान एक दिवस लांबेल, एवढाच माझा हिशेब होता. असे काही असते हे मला माहीत नव्हते.

थोड्या वेळाने मॅनेजरसाहेब कंपनीचे वकील बरोबर घेऊन आले. एव्हाना नोटेचे फोटो लोकांनी सगळीकडे पाठवले होते, असे त्यांच्या बोलण्यावरून कळले. त्यांनी एक छापील कागद माझ्यासमोर ठेवला. त्यात लिहिले होते की, सदर नोटा माझ्याकडून चुकून दिल्या गेल्या, त्याबद्दल मला खेद आहे, कंपनी मोठ्या मनाने तक्रार मागे घेत आहे, माझी नोकरी राहील आणि जप्त केलेली खोकी कंपनीला परत मिळावीत. हवालदार भले गृहस्थ आहेत. ते मला म्हणाले, 'करून टाका सही, घरी जा. कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवता?' मी विचारले, खोकी परत गेल्यावर त्यांचे काय होणार? वकील म्हणाले, तो कंपनीचा अंतर्गत प्रश्न आहे. मी कागद त्यांच्याकडे सरकवला.

तेवढ्यात वन्सं आल्या. ड्यूटी संपवून तशाच आल्या होत्या, हातात तो मोजा, आणि त्यातून पाणी ठिबकत होते. हवालदार खुर्चीतून उठले. मॅनेजरसाहेब वन्संना म्हणाले, 'तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही तरी यांना समजवा.' वन्सं म्हणाल्या, 'ही माझं ऐकते, असं तुम्हाला कोणी सांगितलं?' मग माझ्याकडे वळल्या.

'काय करून बसलीस?'

मी म्हटले, 'तुमची नोट चालू केली.'

'चहा पाजायचा मान माझा होता.'

'तुम्हाला फोन केला होता. तुम्ही जागा सोडली नाहीत.'

'गर्दी होती,' असे म्हणून त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या. मग त्यांनी मला वळणावरच्या त्या बाईची हकीकत सांगितली. सांगताना त्यांनी दोनदा 'मी हो म्हटलं' असे सांगितले. मी त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मॅनेजरसाहेब मध्येच म्हणाले की तुम्हाला चौकटीतली नोट देण्याचा शब्द कंपनी पाळेल. वन्सं त्यांना म्हणाल्या, 'साहेब, लोक मला मशीन म्हणतात, म्हणू देत. तो माझ्या कामाचा भाग आहे. पण तुकडे करायचेच असतील तर मला बोलवा. मी यंत्राशेजारी उभी राहते. चित्राकडे आणि माझ्याकडे बघत करा.' साहेबांनी मान खाली घातली. त्यांच्याविषयी माझी वैयक्तिक तक्रार नाही. ते वरून आलेले हुकूम पाळतात.

वन्संनी तो छापील कागद उचलून वाचला. त्यांना वाचायला वेळ लागतो. वाचून झाल्यावर तो टेबलावर उलटा ठेवला आणि मला म्हणाल्या, 'सही करू नकोस.' वन्संनी सांगितले आणि मी ते ताबडतोब मान्य केले, असे आमच्या घरात पहिल्यांदाच घडले. यजमानांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसणार नाही.

त्यानंतर मला जप्तीचा पंचनामा दाखवण्यात आला. त्यात, खोक्यांतील नोटांवर 'अनोळखी वयस्क स्त्रीचे चित्र' असल्याचे लिहिले होते. मी अनोळखी या शब्दाला हरकत घेतली आणि ती स्त्री या बाकावर बसली आहे असे सांगितले. हवालदार म्हणाले, असे कोणाच्या सांगण्यावरून लिहिता येत नाही, खात्री करावी लागते. मी म्हटले, मग करा. त्यांनी वन्संना ट्यूबलाइटखाली उभे केले. उघडलेल्या खोक्यातली एक नोट काढून ती वन्संच्या गालाशेजारी धरली. हनुवटी जरा वर करा, असे सांगितले. भुवईवरचा व्रण चित्रातही पाहिला आणि त्यांच्याही भुवईवर पाहिला. लेखनिक उठून आले, पलीकडच्या टेबलावरचे दोघे आले, वकीलही नकळत पुढे सरकले. सगळे जण एकदा नोटेकडे आणि एकदा वन्संकडे बघत होते. वन्सं अजिबात हलल्या नाहीत. उभे राहण्याची त्यांना सवय आहे, पण उजेडात उभे राहण्याची नाही, म्हणून डोळ्यांतून पाणी येत असावे असे हवालदार म्हणाले. हवालदारांनी 'अनोळखी' हा शब्द खोडला आणि 'चित्रातील स्त्री समक्ष हजर असून ओळख पटली' असे लिहून बाजूला सही केली.

माझे म्हणणे असे आहे की, मॅनेजरने हात लावू नका असे बजावलेले असताना मी सदर नोटा काढल्या आणि लोकांना दिल्या. यासाठी जो काही गुन्हा लागत असेल तो माझ्यावर लावावा. मला माफी नको. कंपनीने मोठे मन दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवावे. नोकरी गेली तर जाईल, हात आहेत, दुसरे काम करीन. तारखांना मी हजर राहीन, एकही चुकवणार नाही आणि लवकर निकाल लावा म्हणून अर्ज करणार नाही. खटला चालेल तोवर खोकी मुद्देमाल म्हणून सरकारी कुलपात ठेवावीत आणि त्यांना उंदीर लागणार नाही अशा जागी ठेवावे, एवढी विनंती. कंपनीने तक्रार मागे घेण्यास माझी सक्त हरकत आहे.

हा जबाब लेखनिकांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात 'खेळण्यातल्या नोटा' असे जिथे जिथे आले होते तिथे माझ्या सांगण्यावरून 'नोटा' एवढेच ठेवण्यात आले आहे. बाकी सर्व मी सांगितल्याबरहुकूम आहे. मी काही चुकून केले, असे यात कोठेही लिहिलेले नाही, हे पाहून सही करीत आहे.

सही: जबाब देणार, नोटांची खिडकी.

समक्ष: ठाणे अंमलदार.

ओळख पटवण्यासाठी हजर व सही: भूत, चित्रातील स्त्री, स्वतः.